ढीग मी घालायला लावला

मी लिहावं असं काही नाही. त्याची आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. घरात लिहिणं म्हणजे शाळेच्या फॉर्मवर सही, आणि तीही बाबा दोनदा विचारून करायचे, कुठे करू म्हणून. शिवाय ही गोष्ट कुत्र्यांची आहे. इथे बाकीच्या माणसांनी आपापले अपमान लिहिले आहेत, त्यांच्या शेजारी मी सात भटकी कुत्री घेऊन उभा राहतोय. हे बरं दिसत नाही, कळतं मला. पण माझ्या हातून जे झालं ते कुत्र्यांच्या बाबतीतच झालं. म्हणून तिथूनच सांगावं लागेल.

सोमवार होता. देवळाच्या सभागृहात महाप्रसादाची पहिली पंगत बसत होती. आम्ही कॉलेजचे चौघे एका ओळीत बसलो होतो. अनीश, वर्गातली आणखी दोघं, आणि शेवटी मी. पान मांडून झालं होतं. मीठ, लिंबाची फोड, लोणचं वाढून झालं होतं. खतखत्याच्या भाजीची बादली दोन माणसं सोडून होती. वास येत होता. मला भूक लागली होती.

अनीशचे काका वाढणाऱ्यांच्या मागून येत होते. ते देवस्थान समितीवर आहेत. ते माझ्यासमोर थांबले.

"तूं हांगा कसो?"

मी वर बघितलं.

"तुजी आवय भायर आसा न्हय? तिच्यावांगडा जेव मागीर."

आई बाहेर आहे, तिच्याबरोबर नंतर जेव. आवाज चढवला नाही. पंखा बंद करायला सांगावं तसं सांगितलं. मी उठलो. उठताना माझा पाय पानाला लागला आणि लिंबाची फोड शेजारच्याच्या पानापर्यंत गेली. मी वाकून ती उचलली. ती हातात घेऊनच बाहेर आलो. माझं पान काढून टाकलं नाही, त्यावर लगेच दुसरा कुणीतरी बसला. अनीश पापड मोडत होता. त्याने ऐकलं होतं, कारण मोडता मोडता त्याचा हात थांबला. मग त्याने पापड पुरा मोडला.

मला कुणी हात धरून उठवलं नाही. माझे मीच उठलो. हे पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

माझी आई त्या सभागृहात पत्रावळी उचलते. उचलायची. आम्ही मूळचे दोडामार्गकडचे. बाबा खाणीच्या ट्रकवर आले आणि डिचोली तालुक्यात या गावात राहिले. गावाचं नाव लिहीत नाही. खाणी बंद पडल्यावर ते चिऱ्यांच्या गाडीवर गेले. ते काम पावसात नसतं. तेव्हा घर आईच्या हातावर चालतं. दर सोमवारी आणि सणावाराला सभागृहात पंगती असतात. पहिली पंगत महाजनांची आणि पाहुण्यांची. दुसरी गावाची. तिसरी, सगळं आवरल्यावर, आवरणाऱ्यांची. मी लहानपणापासून तिसऱ्या पंगतीला जेवलो. तिसऱ्या पंगतीला मणगण्याची खीर कधी उरायची, कधी नाही. ती तिसरी पंगत आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते मला कुणी म्हणून दाखवलं नव्हतं. आणि मी तिला आमची वेळ समजत होतो, जागा नव्हे.

आता कुत्र्यांचं सांगतो.

शेवटच्या वर्षाला आम्हाला प्राणिशास्त्राचा प्रकल्प होता. चौघांचा गट. अनीशने मला गटात घेतलं तेव्हा मला आनंद झाला होता. तो हुशार आहे, इंग्रजी चांगलं बोलतो, त्याच्याकडे गाडी आहे. विषय त्यानेच काढला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीतली प्रतिष्ठेची उतरंड. म्हणजे टोळीत पहिला कोण, दुसरा कोण, शेवटचा कोण. ती कशी ओळखायची, तर जेवताना. आधी तोंड कोण लावतं, बाजूला कोण सरकतं, दात कोण दाखवतं, शेपूट कोण पोटाखाली घेतं. ते रजिस्टरमध्ये लिहायचं आणि शेवटी तक्ता करायचा. मॅडमना विषय आवडला. टोळी कुठली घ्यायची यावर अनीश म्हणाला, आमच्या देवळामागे सात कुत्री आहेत, दर सोमवारी ठरलेल्या वेळी जेवतात. आणि माझ्याकडे बघून हसला. "हाची आवय तांकां वाडटा."

वाढते हा शब्द त्याने गमतीने वापरला. पण तो बरोबर होता. आई त्यांना वाढायची.

सभागृहामागे लांब गडगा आहे, चिऱ्यांची बुटकी भिंत. त्याच्या पलीकडे काजूची झाडं. आई टोपलीत उष्टी पानं घेऊन गडग्याच्या कडेने चालायची आणि हाताहाताच्या अंतरावर एकेक पान ठेवत जायची. त्यावर उरलेला भात, वरण, भाजी निथळून द्यायची. कुत्री येऊन आपापल्या पानाशी उभी राहायची. खायची. त्यांचं खाऊन झालं की ती पानं ती गोळा करून खड्ड्यात टाकायची. म्हणजे एकच पान ती दोनदा उचलायची. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षं ती असंच करत होती.

तिने त्यांना नावंही दिली होती. तांबडो हा मोठा, छातीचा रुंद, सगळ्यांच्या पुढे चालणारा. दोन काळे भाऊ. एक म्हातारी, तोंड पांढरं पडलेली. एक पांढरा पोरगा. बांडो, त्याची शेपटी अर्धी तुटलेली. आणि भुरी. भुरी मातीच्या रंगाची, लहानखुरी. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. ती सगळ्यांत शेवटी यायची, गडग्याच्या टोकाच्या पानाशी, आणि खाताना मध्येच मान वर करून आईकडे बघायची.

मला पंगतीतून उठवलं त्या दिवशी आमचं पहिलं निरीक्षण होतं. मी रजिस्टर घेऊन मागे जाऊन उभा राहिलो. हातातली लिंबाची फोड फेकून दिली. आईने मला बघितलं. "जेवलंस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती पानं मांडत पुढे गेली. थोड्या वेळाने बाकीचे तिघे जेवून, हात पुसत आले. कुत्री खात होती. आम्ही बघत राहिलो. काहीच झालं नाही. तांबडो खात होता, भुरी खात होती. एकदा एका काळ्याने म्हातारीच्या पानाकडे तोंड वळवलं, म्हातारी नुसती गुरगुरली, तो परत आपल्या पानाकडे वळला. बस. मी रजिस्टरमध्ये तारीख घातली. पुढे काय लिहावं कळेना.

अनीश वैतागला.

"सगळे आपापलें खातात. हातूंत रँक खंय आसा?"

मी रजिस्टर मिटलं.

"तुज्या आवयक सांग मरे, सगळें एके सुवातेर उडोवंक."

एके सुवातेर. सगळं एकाच जागी टाकायला. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, असं मला तेव्हा वाटलं. पुस्तकातही तसंच होतं, अन्न एका जागी ठेवावं आणि कोण आधी येतं ते बघावं. पण मी हो म्हटलं ते पुस्तकामुळे नव्हे. तासाभरापूर्वी मला त्यांच्या शेजारून उठवलं होतं. त्याबद्दल तिघांपैकी कुणी एक शब्द काढला नव्हता, आणि मला वाटत होतं, मी काहीतरी उपयोगाचं केलं तर ते झालंच नाही असं होईल. मी परत त्यांच्यातला होईन. म्हणून मी हो म्हटलं. लगेच म्हटलं.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"एका जाग्यार घातलंय तर झगडतली," ती म्हणाली.

"तेच बघायचं आहे आम्हाला."

"कुत्र्यांका झगडूक लावन खयचो अभ्यास होता रे, झिला?"

मी तिला समजावलं. प्रयोग असतो, निरीक्षण असतं, मार्क असतात. मी दोनतीन इंग्रजी शब्द वापरले. तिला ते कळणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणूनच वापरले. ती ऐकत राहिली. तांदळातला खडा काढून तिने बाजूला ठेवला.

"तू शिकलेलो," ती म्हणाली. "तुका म्हायत. घालतंय."

हे वाक्य मला सगळ्यांत जास्त छळतं. तिला पटलं नव्हतं. मी शिकलेला होतो म्हणून तिने ऐकलं.

पुढच्या सोमवारी तिने टोपली एकाच जागी, गडग्याच्या मध्यावर, उपडी केली. आणि मागे सरकून उभी राहिली. हात पदरात गुंडाळून.

आम्हाला हवं होतं ते पाच मिनिटांत मिळालं. तांबडो ढिगावर उभा राहिला. दोन काळे भाऊ त्याच्या दोन बाजूंनी तोंड घालू लागले. त्याने एकाला मानेला धरून खाली दाबलं, मग सोडलं. म्हातारीने कडेचं एक पान ओढलं आणि मागे गेली. पांढरा पोरगा तिच्या मागे. बांडो चकरा मारत होता. भुरी दूर, काजूखाली, बसून होती. अनीश भराभर सांगत होता, मी लिहीत होतो. क्रमांक एक. क्रमांक दोन आणि तीन. चार. पाच. सहा. सात. रजिस्टरचं पान भरलं. अनीशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरें केलें तुज्या आवयन."

असे सहा सोमवार.

मला इथे खरं लिहायचं आहे, म्हणून लिहितो. मला ते बघायला आवडू लागलं. कोण कुठे उभं राहणार हे मला आधीच कळायचं आणि तसंच व्हायचं. भुरी काजूखालून उठायची, चार पावलं यायची, थांबायची. परत जायची. परत यायची. ते बघताना मला आत कुठेतरी बरं वाटायचं. एक तरी आहे जिची जागा माझ्याहून खाली आहे, असं. मी हे तेव्हा शब्दांत म्हटलं नाही. पण तेच होतं. त्या सहाही सोमवारी मी पहिल्या पंगतीला बसलो नाही. बाकीचे तिघे बसले. मी मागे थांबून तयारी करत होतो, असं आम्ही चौघांनीही धरून चाललो.

चौथ्या सोमवारी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तांबडो भुरीला कधी चावला नाही. त्याला गरजच नव्हती. तो मान वर करून बघायचा, एवढंच. काळे भाऊही तिच्या वाटेला गेले नाहीत, ती त्यांच्यापासून फार लांब होती. तिला चावायचा तो बांडो. क्रमांक सहा. त्याला स्वतःला ढिगाजवळ जाता येत नव्हतं. वरचे पाच त्याला हाकलायचे. हाकललं की तो वळायचा आणि सरळ काजूकडे धावायचा. त्याचं लक्ष खाण्याकडे असायचंच असं नाही. भुरीने एखादं रिकामं पान चाटायला घेतलं तरी तो तिच्यावर जायचा.

मी हे लिहून घेतलं. सुंदर निरीक्षण आहे, असं मॅडम म्हणाल्या.

पाचव्या सोमवारी बांडोने तिचा मागचा पाय फोडला. मांडीपाशी. लचका निघाला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: सात माघार घेते. जखमेबद्दल लिहिलं नाही. तक्त्यात जखमेचा रकाना नव्हता. आईने टोपली टाकली आणि त्या दोघांमध्ये गेली, हाताने हाकलत. अनीश ओरडला, "मावशे, मदीं वचूं नाका, ऑब्झर्वेशन चल्लां." आई थांबली. माझ्याकडे बघितलं तिने. मी तिला हाताने बाजूला हो अशी खूण केली.

मी केली. माझ्या हाताने.

सहाव्या सोमवारी भुरी आली नाही. "गैरहजर लिही," अनीश म्हणाला. मी लिहिलं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला विचारलं, भुरी दिसली का. ती चुलीकडे तोंड करून बसली होती.

"काजीच्या मुळात पडलेली," ती म्हणाली. "शनवारी. पायात किडे झाल्ले. मी हळद घातलंय, पाणी घातलंय. काय उपेग झालो नाय. माती घातलंय तिका."

मी उभाच राहिलो.

"तुका सांगूक नाय," ती म्हणाली, "तुजो अभ्यास चललेलो."

तिने टोमणा मारला नव्हता. टोमणा मारला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. मला बांडो दिसत राहिला. वरच्यांनी हाकललं की वळून खालच्यावर जाणारा. मला वाटलं, मला पंगतीतून उठवलं आणि मी कुणाकडे गेलो? काकांकडे नाही गेलो. अनीशला काही बोललो नाही. आईकडे गेलो. तिला म्हटलं, ढीग घाल. आणि ती ज्यांना वाढत होती त्यांच्यावर गेलो. सात कुत्र्यांच्या तक्त्यात माझा क्रमांक सहा होता.

कुत्र्यांत वरचा-खालचा नसतोच असं मी म्हणत नाही. माझा तेवढा अभ्यास नाही. तांबडो आधीही पुढेच चालायचा. पण आधी त्याच्या पुढे चालण्याने भुरी उपाशी राहत नव्हती. आम्ही जो मोजला तो क्रम ढिगाचा होता.

प्रकल्पाचं सादरीकरण झालं ते प्रयोगशाळेत. बाहेरून परीक्षक आले होते, वर्ग सगळा होता. अनीशने तक्ता पडद्यावर दाखवला. एकाखाली एक सात चौकोन, बाण वरून खाली. सातव्या चौकोनात भुरीचा फोटो. कान कापलेला दिसत होता. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहितो. तो म्हणाला, "निसर्गात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती ज्याची त्याला कळली की टोळीत शांतता नांदते." परीक्षकांनी मान डोलावली. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या देवस्थानाबशेन." आमच्या देवस्थानासारखं. सगळे हसले. अनीशही हसला. चांगलं हसला, वाईट मनाने नाही.

त्यानंतर माझी पाळी. पद्धतीबद्दल मी बोलायचं असं ठरलं होतं. माझ्या वाट्याला एकच पान होतं. त्यावर लिहिलं होतं, अन्न ठरावीक जागी ठेवण्यात आले.

मी धीट नाही. मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण नंतर त्याचं वेगवेगळं सांगण्यात आलं. मी मराठीत बोललो.

"सर, हा क्रम आम्ही दिसायला लावला. माझी आई आधी पानं वेगवेगळी ठेवायची. तेव्हा सगळी खायची. पहिल्या सोमवारचं पान कोरं आहे. ते आम्ही जोडलं नाही. मग मी आईला ढीग घालायला सांगितलं. सात नंबर गैरहजर नाही. ती मेली. चावल्यामुळे मेली. तेही लिहिलेलं नाही."

परीक्षकांनी विचारलं, "तुमची आई तिथे काय करते?"

"पत्रावळी उचलते. आम्ही शेवटच्या पंगतीला जेवतो. मी एकदा पहिल्या पंगतीला बसलो होतो, तर मला उठवलं."

हे शेवटचं मी का बोललो, मला सांगता येणार नाही. ठरवलेलं नव्हतं. पण ते त्याच गोष्टीतलं होतं, आणि ते सोडून बाकीचं खरं राहत नव्हतं.

कुणी हसलं नाही. मॅडमनी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "भीती होती." चौघांचे गुण कापले गेले. गटातल्या बाकी दोघांचा यात काही दोष नव्हता, त्यांचे कापले गेले याचं मला अजून वाईट वाटतं. मी त्यांची माफी मागितली. त्यातली मुलगी म्हणाली, "तुला उठवलं तेव्हा आम्ही पण गप्प बसलो ना." ती एकटीच तसं म्हणाली.

अनीश व्हरांड्यात भेटला.

"तुका ग्रुपांत घेतलो ती म्हजी चूक."

"पहिलं पान कोरं होतं, अनीश."

"म्हज्या काकाचें नांव कित्याक काडलें?"

"मी नाव नाही घेतलं."

"सगळ्यांक कळ्ळें."

चार दिवसांनी त्याने मला एक कागद आणून दिला. टाइप केलेला, मराठीत. खाली सहीची जागा मोकळी. कागद काकांनी करून घेतला होता. सही केली तर विषय संपला, असा निरोप होता. आणि नाही केली तर, अनीश म्हणाला, समितीला आईच्या कामाचा विचार करावा लागेल. हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

कागदावर तीन गोष्टी होत्या. एक, मला पंगतीतून कुणीही उठवले नाही, मी स्वतःहून उठलो. दोन, सभागृहात पत्रावळी प्रथेप्रमाणे नेहमी एकाच जागी टाकल्या जातात, माझ्या आईने वेगळे काही केलेले नाही. तीन, भावनेच्या भरात खोटे बोलल्याबद्दल मी माफी मागतो.

परीक्षा संपली आणि मी धारगळला मामाकडे आलो. हमरस्त्याला त्याचा शहाळ्यांचा गाडा आहे. मे महिन्यात गिऱ्हाईक असतं, हाताशी माणूस लागतं. कागद बॅगेत होता. आईला मी कागदाचं सांगितलं नव्हतं.

सही करायची असं मी ठरवलं होतं. लपवत नाही. पहिली गोष्ट अर्धी खरीच होती. मी उठलोच होतो माझ्या पायांनी. नाही उठत, असं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. माझा अपमान माझा होता. तो मी कागदावर पुसून टाकला तर नुकसान माझंच. आणि पावसाळा तोंडावर होता. मी मामाकडून पेन मागून घेतलं. शहाळ्यांच्या ढिगाआड स्टुलावर बसून कागद मांडीवर घेतला, आणि सही करण्यापूर्वी एकदा पूर्ण वाचला.

दुसऱ्या गोष्टीपाशी माझा हात थांबला. एकाच जागी टाकल्या जातात. नेहमी. वेगळे काही केलेले नाही.

बारा वर्षं ती बाई गडग्याच्या कडेने वाकून चालली. एकेक पान हाताने ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. त्या सगळ्या सभागृहात वरचा-खालचा न करता वाढणारं एकच माणूस होतं, आणि ते मागच्या बाजूला होतं. ते मी एकदा मोडलं होतं, तिला शिकलेपण दाखवून. आता ते कधी नव्हतंच अशी सही करायची होती. आणि भुरी मग प्रथेने मेली असं होणार होतं.

माझ्यापुरतं मी खोटं लिहिलं असतं. हे नाही लिहू शकलो.

कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यावर लिहिलं: मला पंगतीतून उठवले. मी उठलो, ही माझी चूक. पत्रावळी माझी आई वेगवेगळ्या ठेवत असे. त्या एका जागी टाकायला मी लावले, त्यामुळे एक कुत्री मेली, हीही माझी चूक. याशिवाय मी कशाचीही माफी मागत नाही. खाली सही केली. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढला आणि अनीशला पाठवून दिला.

मग घरी फोन लावला. आईचं काम जाणार होतं आणि ते माझ्या हाताने जाणार होतं, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. फोन बहिणीने उचलला. ती दहावीला आहे. मी म्हटलं आईला दे, कामाबद्दल बोलायचं आहे.

"खयच्या कामाबद्दल?" ती म्हणाली. "दादा, आई दोन सोमवार झाले कामाक जायत नाय. तुका सांगू नको म्हणाली, तुजी परीक्षा होती."

गाड्यावर दोन गिऱ्हाईकं उभी होती. मामाने माझ्याकडे बघितलं, मी हाताने थांब म्हटलं.

तिने सांगितलं ते असं. समितीने सभागृहामागे सिमेंटची टाकी बांधून घेतली. उष्टं सगळं तिच्यातच टाकायचं. त्या सोमवारी काका स्वतः मागच्या दारात येऊन उभे राहिले. आईने टोपली भरली. टाकीपाशी गेली, टाकीच्या पुढे गेली, आणि गडग्याच्या कडेने पानं मांडत चालू लागली, हाताहातावर. काका म्हणाले, "तुका सांगलां न्हय? फाल्यांसावन येवंक नाका." उद्यापासून येऊ नको, असं. आईने शेवटचं पान ठेवलं. नळावर हात धुतले. टोपली उपडी करून दारात ठेवली.

"फाल्यां कित्याक?" ती म्हणाली. "आताच जातंय."

तेव्हा कागद माझ्या बॅगेत होता, आणि मी सही करणार होतो. ती माझ्यासाठी थांबली नव्हती.

आता जून लागेल. घर कसं चालेल ते माहीत नाही. मी डिचोलीत काम बघतोय. मॅडमनी बोलावलं आहे, समितीचाही निरोप आहे, समोरासमोर येऊन सांग म्हणून. जाणार आहे. जे झालं ते तिथे तोंडी सांगणार आहे, रजिस्टरचं ते कोरं पान बरोबर घेऊन. इथे लिहिताना मी माणसांची नावं बदलली आहेत. तिथे बदलणार नाही.